दहा कार्बनचा पिंजरा गोळीत, साठ कार्बनचा अजून प्रयोगशाळेत

सांगलीच्या कुठल्याही मेडिकल दुकानात मधुमेहाच्या औषधांचा खण उघडा, व्हिल्डाग्लिप्टिनची पट्टी हमखास सापडेल. ५० मिलिग्रॅमची गोळी, बहुतेकांना दिवसातून दोनदा. डिसेंबर २०१९ मध्ये तिचं भारतातलं पेटंट संपलं, अनेक कंपन्या तिच्यात उतरल्या, किंमत खाली आली आणि आता तासगाव-जतच्या बाजारातही ती सहज मिळते. या गोळीतल्या औषधाच्या प्रत्येक रेणूच्या एका टोकाला दहा कार्बन अणूंचा बंदिस्त पिंजरा असतो. त्याचं नाव ॲडमँटेन.

कार्बनचा पिंजरा म्हटलं की विज्ञान वाचणाऱ्या माणसाला मात्र दुसराच रेणू आठवतो: साठ कार्बनचा, फुटबॉलसारखा, सी६०. तो १९८५ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात हाती लागला. हॅरॉल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांना त्यासाठी १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. घुमटाकार इमारती रचणारे बकमिन्स्टर फुलर यांच्या नावावरून त्याला बकमिन्स्टरफुलरीन म्हणतात, आणि या कुळातल्या सगळ्याच पोकळ रेणूंना फुलरीन. कर्करोगापासून एचआयव्हीपर्यंत प्रत्येक ठिकाणी तो लावून पाहिला गेला, तरी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने मंजूर केलेल्या औषधांत फुलरीनचं औषध एकही नाही. धाकटा घरोघरी पोचला आणि थोरला अडला, असं का झालं ते दोघांची रचना शेजारी ठेवून पाहिलं की उमगतं.

धाकट्याचं काम आधी

ॲडमँटेन म्हणजे हिऱ्याच्या जाळीचा सुटा काढलेला सगळ्यात लहान तुकडा. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन. १९३३ मध्ये तो आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या खनिज तेलात सापडला. पिंजरा म्हणायचं खरं, पण आत काही ठेवण्याइतकी जागा नाही; तेलकट, ताठ, गोलसर खडाच तो. औषध बनवणाऱ्याला त्याचे हेच तीन गुण हवे असतात. शरीरातल्या प्रथिनांना खाचा असतात. त्यांतल्या काही तेलकट असतात, पाण्याला दूर सारतात. अशा खाचेत हा खडा घट्ट बसतो.

फ्लूवरचं अमँटाडीन हे औषध १९६६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. विषाणूच्या आवरणात एक बारीक नळी असते, तिच्या तोंडात हा खडा बुचासारखा अडकायचा. पुढे त्या नळीच्या प्रथिनातला ३१ व्या जागेवरचा एकच घटक बदलला, बूच सैल झालं आणि आजच्या फ्लूवर हे औषध चालत नाही. पार्किन्सनच्या रुग्णांना त्याचा उपयोग होतो हे १९६९ च्या सुमारास योगायोगानेच लक्षात आलं. ते काम ते अजून करतं. स्मृतिभ्रंशावरचं मेमँटिन हेही याच घरातलं.

व्हिल्डाग्लिप्टिनमध्ये पिंजऱ्याकडे एक वेगळंच काम आहे. जेवल्यावर आतड्यातून निघणारा जीएलपी-१ हा संप्रेरक इन्सुलिन वाढवायला सांगतो, पण डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला दोन-तीन मिनिटांत कापून टाकतं. गोळी त्या एन्झाइमला अडवते. पकड घेणारा भाग आहे रेणूच्या दुसऱ्या टोकाला, नायट्राइल गट (कार्बन आणि नायट्रोजनची जोडी). अडचण अशी की या प्रकारच्या रेणूला स्वतःचीच शेपूट गिळायची खोड असते: अलीकडच्या टोकाचा नायट्रोजन वळून त्याच रेणूच्या नायट्राइलला चिकटतो, कडी बनते आणि औषध निकामी होतं. नायट्रोजनच्या गळ्यात ॲडमँटेनचा धोंडा बांधला की त्याला वळणं जड जातं, म्हणून गोळी टिकते. काम झालं की या औषधाचा सुमारे ८५ टक्के भाग लघवीवाटे बाहेर पडतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. थोरल्याच्या वेळी ती लागणार आहे.

सहा तुकड्यांची चकती

पोळीएवढी कागदाची गोल चकती घ्या आणि मध्यातून रेघा मारून तिचे सहा सारखे भाग करा. कागद सपाट आहे. शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा थर असाच, सगळे षट्कोन. आता एक भाग कापून काढा आणि उरलेल्या कडा जोडून चिकटवा. कागद आपोआप उठून शंकूसारखा होतो. षट्कोनांच्या जाळीत एका षट्कोनाच्या जागी पंचकोन आला की नेमकं हेच घडतं: ६० अंशांची चीर निघून जाते आणि जाळी वाकते. अशा बारा चिरा काढल्या की जाळी पूर्ण मिटते. अकरांनी भागत नाही आणि तेराही चालत नाहीत. त्यामुळे षट्कोन कितीही असोत, प्रत्येक फुलरीनमध्ये पंचकोन बाराच. सी६० मध्ये १२ पंचकोन, २० षट्कोन, ९० बंध, आणि त्यांतले ३० दुहेरी. बारा साठे सातशे वीस, आणि सी६० चा रेणुभारही ७२०. हा निव्वळ योगायोग आहे, पण परीक्षेत आकडा आठवायला बरा.

समोरासमोरच्या अणूंमधलं अंतर ०.७१ नॅनोमीटर. बाहेरचं इलेक्ट्रॉनांचं आवरण धरलं तर गोळा सुमारे एक नॅनोमीटरचा होतो, आणि आतली पोकळी एखादा अणू मावेल एवढी असते.

हा काजळीतूनच मिळतो. मग तोडणीच्या हंगामात वाळव्याकडे किंवा कराडकडे उसाचं पाचट पेटवल्यावर दोरीवरच्या कपड्यांवर जी काळी पानं येऊन पडतात, त्यांत तो का नसावा? उघड्या जाळात कार्बनच्या जाळीच्या कडांना हायड्रोजन आणि ऑक्सिजन येऊन चिकटतात. कड बुजली की तिला दुसरी कड शोधायची गरजच राहत नाही, मग जाळी मिटायची कशी? म्हणून १९९० मध्ये वोल्फगांग क्रेचमर आणि डोनाल्ड हफमन यांनी वापरलेली युक्ती आजही पाया आहे: भोवती हेलियम ठेवून ग्रॅफाइटच्या कांड्यांची विजेने वाफ करायची. आता त्यासाठी दोन कांड्यांच्या मध्ये वीजठिणगी पाडतात.

कृती ऐकायला सोपी आहे. साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या बंद भांड्यात समोरासमोर बसवतात, हवा उपसून काढतात आणि हेलियम १०० ते २०० टॉर दाबापर्यंत भरतात, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या फार तर चौथ्या हिश्श्याच्या आसपास. मग शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह सोडतात. फॅब्रिकेशनच्या शेडमधलं वेल्डिंग मशीन देतं तेवढाच हा प्रवाह, आणि कित्येक प्रयोगशाळांनी त्यावरच काम भागवलं आहे. कांडी जळत जाते तसतसं मधलं अंतर हाताने किंवा मोटारीने सांभाळावं लागतं. अंतर वाढलं की ठिणगी विझते आणि कांड्या टेकल्या की त्या नुसत्याच तापतात. हेलियम कमी पडलं तर कार्बनची वाफ पिंजरा मिटायच्या आधीच भिंतीवर जाऊन बसते. जास्त झालं तर ती लवकर थंड होऊन ग्रॅफाइटचा चुरा पडतो. आणि भांड्याला गळती असेल तर आत शिरलेला ऑक्सिजन सगळ्यावर पाणी फिरवतो. ठिणगीचा अतिनील प्रकाश डोळ्यांना इजा करतो, कोरडी काजळी श्वासातून थेट फुप्फुसात जाते. हा उद्योग घरच्या शेडमध्ये करायचा नाही.

दहा ग्रॅम काजळीतून जेमतेम एक ग्रॅम फुलरीन निघतं. ते काढायला टोल्युइन हा विद्रावक वापरतात: काजळी कागदी नळकांड्यात भरून सॉक्सलेट उपकरणात ठेवायची आणि खाली उतरणारा द्रव बिनरंगी होईपर्यंत टोल्युइन फिरत ठेवायचं. सुरुवातीचं मिश्रण कोकमाच्या सरबतासारखं लाल दिसतं, कारण त्यात सत्तर कार्बनचा भाऊबंद सी७० ही असतो. सिलिका जेल आणि सक्रिय कोळशाच्या नळीतून ते सोडलं की सी६० आधी बाहेर येतो आणि त्याचा रंग थेट जांभळाच्या रसाचा. तो शुद्ध आहे की नाही हे कार्बन-१३ च्या एनएमआर आलेखावरून (चुंबकीय क्षेत्रात अणूंच्या जागा ओळखणाऱ्या तपासणीवरून) कळतं. सी६० मधले साठच्या साठ अणू एकसारख्या जागी असल्यामुळे १४३ पीपीएमपाशी एकच रेघ दिसते. सी७० च्या पाच रेघा येतात. फक्त एक खोडा उरतो. स्फटिक कोरडे दिसले तरी टोल्युइन त्यांच्यात अडकून राहतं, आणि ते निर्वातात तापवून काढलं नाही तर पुढे पेशींवर जो परिणाम दिसेल तो फुलरीनचा की टोल्युइनचा, हे सांगता येणार नाही.

हळदीचं दुखणं

दोन ग्लास घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात गोडेतेल, दोन्हींत अर्धा अर्धा चमचा हळद. ढवळून तासभर ठेवा. पाण्यातल्या हळदीचा गाळ तळाला बसेल आणि वरचं पाणी फिकट राहील. तेलातही गाळ बसेल, पण वरचं तेल पिवळंजर्द झालेलं असेल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातल्या करक्युमिनचं औषधात अडतं ते इथेच, त्याला पाण्याचं वावडं आहे. सी६० याबाबतीत करक्युमिनच्याही पुढे. एक मिलिलिटर टोल्युइनमध्ये तो सुमारे २.८ मिलिग्रॅम विरघळतो, डायक्लोरोबेंझीनमध्ये त्याच्या जवळपास दसपट, पाण्यात व्यवहारी अर्थाने शून्य. आणि रक्त म्हणजे मुख्यतः पाणीच.

यावर तीन तोडगे निघाले. एक, सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या साखरेच्या दोन वाट्यांमध्ये गोळा पकडायचा. दोन, टेट्राहायड्रोफ्युरान या विद्रावकातून पाण्यात ओतून, मग विद्रावक उडवून, शंभरेक नॅनोमीटरचे पुंजके पाण्यात तरंगत ठेवायचे. या दुसऱ्या तोडग्याने मोठा घोळ घातला. २००४ मध्ये असे पुंजके असलेल्या पाण्यात ठेवलेल्या माशांच्या मेंदूतल्या मेदाचं ऑक्सिडीकरण झाल्याचं प्रसिद्ध झालं आणि फुलरीन विषारी असल्याचा गवगवा झाला. पुढच्या काही वर्षांत इतरांनी तपासलं तेव्हा त्या विद्रावकाचे विघटित अंश हे मोठं कारण असल्याचं दिसलं. म्हणून फुलरीनच्या विषारीपणाबद्दल काहीही वाचताना पहिला प्रश्न विचारायचा: पाण्यात उतरवलं कसं?

तिसरा तोडगा पिंजऱ्यावर पाणीप्रेमी गट टाचण्याचा. ३० दुहेरी बंध म्हणजे ३० खुंट्या. एका खुंटीवर एक गट बसवला तर एकच पदार्थ मिळतो, कारण सगळ्या खुंट्या सारख्या. दुसरा तसाच गट बसवायचा तर तो पहिल्यापासून किती दूर यावरून ८ वेगळे पदार्थ. तिसरा बसवला की ४६. फुलरेनॉलमध्ये तर वीस-पंचवीस हायड्रॉक्सिल गट कसेही चिकटवलेले असतात; बाटलीवर लिहिलेला आकडा निव्वळ सरासरी. औषध नियामकाला मात्र एकाच आकाराचा रेणू हवा असतो, दर वेळी तोच, प्रत्येक बॅचमध्ये तोच. आमच्या मते फुलरीनचा घोडा पेंड खातो तो इथेच, विषारीपणाच्या प्रश्नाच्याही आधी. व्हिल्डाग्लिप्टिनचा रेणू पहिल्या गोळीत जो असतो तोच कोटीव्या गोळीतही असतो.

शरीरात काय करून पाहिलं

१९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की एचआयव्हीच्या प्रोटिएज एन्झाइमची खाच सुमारे एक नॅनोमीटर रुंद आहे, आतून तेलकट आहे आणि सी६० तिच्यात अगदी मापात बसतो. बसलाही. पण पकड मायक्रोमोलर पातळीची निघाली, म्हणजे नॅनोमोलर किंवा त्याहूनही कमी प्रमाणात काम करणाऱ्या प्रत्यक्ष औषधांच्या तुलनेत हजारपट आणि त्याहून सैल. गोळा गोल आणि गुळगुळीत असतो. खाच भरते, पण तिच्या भिंतीतल्या नेमक्या जागांना धरायला त्याला हात नाहीत.

दुसरा गुण जास्त कामाचा. मुक्त मूलकं, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारे आडदांड रेणू, सी६० आपल्या खुंट्यांवर अडकवून घेतो. १९९१ मध्ये एका गोळ्यावर ३४ पर्यंत मिथिल मूलकं बसल्याचं मोजलं गेलं. मेंदूच्या पेशी वाचवायला याचा उपयोग होईल का, यावर मॅलोनिक आम्लाचे तीन गट जोडलेला पिंजरा घेऊन उंदरांवर बरंच काम झालं.

पण याच पिंजऱ्यावर प्रकाश पाडला की तो नेमकं उलट वागतो. शोषलेल्या जवळपास प्रत्येक प्रकाशकणामागे तो साध्या ऑक्सिजनला सिंगलेट ऑक्सिजन या खवळलेल्या रूपात नेतो. पेशीच्या आत हे घडलं तर पेशी मरते. प्रकाशाने गाठ जाळायच्या उपचारात हे हवंच असतं, तरी अडचण आहेच. मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरून पाहा: आरपार येतो तो फक्त लाल प्रकाश. सी६० मात्र प्रकाश खातो तो अतिनील आणि निळ्या-हिरव्या बाजूचा, जो कातडीखाली जेमतेम पोचतो. म्हणून लाल प्रकाश पकडणारा रंग-रेणू पिंजऱ्याला जोडावा लागतो, आणि मग पुन्हा त्या ८ आणि ४६ च्या चक्रात शिरावं लागतं.

पोकळीचा खरा उपयोग एमआरआयमध्ये. मिरजेच्या एखाद्या सेंटरवर कॉन्ट्रास्ट एमआरआय असेल तर आधी किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात, त्याचं कारण गॅडोलिनियम. हा धातू जवळच्या पाण्याचा सिग्नल उजळवतो, पण मोकळा सुटला तर विषारी. म्हणून त्याला चिमट्यासारख्या रेणूत धरून टोचतात. ६० किलोच्या माणसाला नेहमीच्या मात्रेने ६ मिलिमोल, म्हणजे १२ मिलिलिटरच्या इंजेक्शनमध्ये सुमारे ०.९४ ग्रॅम गॅडोलिनियम. किडनी मंद असली की ते शरीरात रेंगाळतं आणि चिमटा सैल पडून धातू सुटू शकतो. त्यातून कातडी आणि अवयव आखडवणारा एक आजार होतो, असा संबंध २००६ मध्ये पुढे आला. चिमट्याच्या काही जुन्या, सरळ साखळीच्या प्रकारांचा वापर युरोपने २०१७ मध्ये थांबवला.

बंद पिंजऱ्यातून धातू सुटायचा प्रश्नच नाही. ८२ कार्बनच्या पिंजऱ्यात एक गॅडोलिनियम कोंडून बाहेरून हायड्रॉक्सिल लावलेला रेणू २००१ मध्ये जपानी संशोधकांनी तपासला, तेव्हा बाजारातल्या कॉन्ट्रास्टपेक्षा सुमारे वीसपट उजळ निघाला. पाणी धातूला शिवतही नाही तरी हे होतं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे हे गोळे एकमेकांना चिकटून सावकाश गरगरणारे मोठे पुंजके करतात. त्यामुळेच रक्तासारख्या क्षारयुक्त द्रवात पुंजके फुटले की उजळपणा उतरतो, आणि बाटलीतला वीसपटीचा आकडा शरीरात टिकेलच असं नाही.

हे भरलेले पिंजरे बनतातही जपून. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद वरून ओतता येते. इथे धातू पिंजरा मिटतानाच आत सापडावा लागतो, म्हणून कांडीतच त्याचं ऑक्साइड भरतात, आणि काजळीत एक टक्काही हाती लागणं मुश्कील. अपवाद एका गळतीचा. १९९९ मध्ये व्हर्जिनियातल्या प्रयोगशाळेत यंत्रात चुकून नायट्रोजन शिरला आणि तीन स्कँडियम व एक नायट्रोजन पोटात घेतलेला ८० कार्बनचा पिंजरा बऱ्यापैकी मिळाला. आता त्याच रीतीने तीन गॅडोलिनियम बसवतात. पण प्राण्यांत टोचलेले धातूभरले पिंजरे यकृतात आणि हाडांत दिवसेंदिवस राहताना दिसले. धातू आत सुरक्षित आहे खरा, पण पिंजराच बाहेर पडत नाही. इथे व्हिल्डाग्लिप्टिनचे ते ८५ टक्के आठवा.

तेलाची बाटली

या सगळ्यात सांगली-साताऱ्यातल्या वाचकापर्यंत प्रत्यक्ष पोचण्याची शक्यता आहे ती एका वस्तूची: ऑनलाइन विकलं जाणारं ‘सी६० ऑलिव्ह ऑइल’, आयुष्य वाढवणारं म्हणून. याचं मूळ २०१२ च्या एका प्रयोगात आहे. ऑलिव्ह तेलात मिलिलिटरला ०.८ मिलिग्रॅम सी६० विरघळवून उंदीरवर्गीय प्राण्यांना, म्हणजे रॅट्सना, दिलं आणि ते जवळपास दुप्पट जगले असा निष्कर्ष निघाला. प्रत्येक गटात प्राणी होते सहा. ते तेल दोन आठवडे अंधारात ढवळून, गाळून तयार केलेलं होतं, आणि सगळी मेख त्या अंधारात आहे. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने लहान उंदरांवर पुन्हा तपासलं: आयुष्य वाढलं नाही, आणि उजेडात ठेवलेलं तेल विषारी ठरलं. कारण वर आलंच आहे: सी६०, उजेड आणि हवा एकत्र आले की सिंगलेट ऑक्सिजन, आणि भोवती सगळा मेद. शेंगदाण्याचं तेल काचेच्या बरणीत उन्हात राहिलं की खवट होतं तसंच हे, फक्त कैक पटींनी वेगाने.

त्या बाटलीची काच पारदर्शक असेल तर आतल्या तेलाचं काय झालं असेल ते वेगळं तपासायची गरज नाही. गडद काच असली तरी लेबलवर तीन गोष्टी पाहाव्यात: विद्रावकाचा उरलेला अंश किती, सी७० किती, आणि तेल कोणत्या तारखेला भरलं. हे आकडे विक्रेत्याला माहीत नसतील तर मात्रा किती घ्यायची हेही त्याला माहीत नाही, आणि मधुमेहाची गोळी बंद करून ते तेल सुरू करायला सांगत असेल तर बाटली परत करून पैसे मागावेत.